सहा आठवड्यांचा खोकला: चौथी बाटली घेण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते. वय ४२, शाळेत शिकवता. सहा आठवड्यांपूर्वी घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला. ताप तीन दिवसांत उतरला, खोकला मात्र तुमच्याकडेच राहिला. कोरडी ढास लागते, रात्री जास्त, वर्गात बोलताना आणि फोडणीच्या वासाने हमखास. आतापर्यंत तीन बाटल्या सिरप आणि दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. एक्स-रे 'क्लिअर' आला, तरी आईला टीबीची शंका आहे. तीन वर्षांची मुलगीही रात्री खोकते, तिला तुमचंच सिरप निम्मं करून द्यावं का, हे विचारलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की दोन-तीन महिन्यांपूर्वी बीपीची गोळी सुरू झाली.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं ओपीडी करते आणि तुमच्यासारखी बाटल्यांची पिशवी घेऊन आलेली माणसं रोज भेटतात. मुलीबद्दलचं उत्तर आधी: ते सिरप तिला देऊ नका, निम्मं नाही, पावही नाही. कारण पुढे सांगते.

तुम्ही विचारलंय, 'आता कोणतं औषध घेऊ?' मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. सहा आठवड्यांत तीनदा औषध बदललं, पण खोकला अजून का आहे, हे कुणी शोधलेलं दिसत नाही. खोकला हा आजार नव्हे. श्वासनलिकेत धूळ, कफ, अन्नाचा कण किंवा सूज असली की ती साफ करण्यासाठी शरीराने ठेवलेली ती सोय आहे. त्याची संवेदना वाहून नेणारी नस घसा, श्वासनलिका, अन्ननलिका एवढंच काय, कानाच्या पोकळीपर्यंत पसरलेली असते. कान कोरताना काहींना खोकला येतो तो त्यामुळेच. म्हणजे खोकल्याचं मूळ नाकात, पोटात, हृदयात किंवा गोळ्यांच्या पत्त्यात (स्ट्रिपमध्ये) असू शकतं आणि आपण मात्र फुप्फुसासाठी बाटली शोधत बसतो.

इथून मी तुमची छाती तपासू शकत नाही. गोळीचं नाव, रक्तातली साखर, वजन, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, हे मला माहीत नाही, आणि यातल्या एकेका गोष्टीने उत्तर बदलतं. म्हणून निदान सांगत नाही. तुम्ही समोर असता तर मी कोणत्या क्रमाने विचार केला असता, तेवढं लिहिते.

पहिला प्रश्न नेहमी दिवसांचा. मोठ्या माणसांत तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला आम्ही अल्पकाळाचा म्हणतो, तीन ते आठ आठवडे मधला टप्पा, आणि आठ आठवड्यांपुढे जुनाट. लहान मुलांत चार आठवड्यांनंतरच जुनाट समजतो. साध्या सर्दी-तापानंतरचा खोकला आठवड्यात जावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते, पण तो सरासरी अडीच आठवडे टिकतो आणि काहींना दीड-दोन महिनेही पुरतो. विषाणू केव्हाच गेलेला असतो. श्वासनलिकेचं आतलं अस्तर मात्र खरचटलेल्या गुडघ्यासारखं हुळहुळं राहतं. त्याला फोडणीचा धूर, गार हवा, उदबत्ती, जोरात बोलणं, काहीही लागलं की ढास सुटते. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं.

या प्रकारात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. विषाणूवर ते चालत नाही आणि हुळहुळ्या अस्तरावरही नाही. बेडका पिवळा किंवा हिरवा दिसला म्हणून ते हवंच, असंही नाही. रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. तीन दिवसांच्या तीन गोळ्या घेऊन बरं वाटलं असं पुष्कळ जण सांगतात, पण तो खोकला त्या सुमारास उतरणारच होता. एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूवरही चालतात. ती आठवडाभर घेतली की टीबी दबतो, बरा होत नाही, आणि पुढची तपासणी फसवी निघू शकते. तुमच्या दोन कोर्समध्ये नेमकं काय होतं, ते पत्ते शोधून ठेवा.

आता टीबी. आईची शंका उडवून लावू नका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा भाग आपल्या देशात आहे, म्हणून आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे टीबीची तपासणी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. यावर लोक गोंधळतात: साधा खोकला अडीच आठवडे टिकतो म्हणता आणि दोन आठवड्यांनी तपासणी करा म्हणता, हे कसं? दोन्ही खरं आहे. दोन आठवडे खोकणाऱ्या बहुतेकांना टीबी नसतो, पण ज्यांना असतो ते सुरुवातीला इतरांसारखेच दिसतात. बेडक्याच्या तपासणीने आपलं काही बिघडत नाही. निदान राहून गेलं तर मात्र त्या माणसाचं फुप्फुस आणि घरातली मुलं दोन्ही पणाला लागतात.

एक्स-रे स्वच्छ आहे ही चांगली खूण आहे. त्याने फुप्फुसाच्या टीबीची शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर टीबी नेहमीच्या जागी, नेहमीच्या रूपात दिसत नाही. एक्स-रे कधी काढला तेही पाहावं लागेल. पहिल्या आठवड्यातला असेल तर सहाव्या आठवड्याबद्दल तो काही सांगत नाही. थोडा जरी बेडका पडत असेल तरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात तो द्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी तिथून मोफत होते आणि टीबी असेल तर रिफाम्पिसिन हे महत्त्वाचं औषध लागू पडेल का, हेही तीच सांगते. डबीत थुंकी देऊन उपयोग नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. निम्मे नमुने इथेच वाया जातात असं वाटावं इतकी ही गोष्ट दुर्लक्षित आहे.

आणि टीबी निघालाच तर तो औषधांनी बरा होतो. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, औषधं मोफत, शिवाय निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. २०१८ साली ५०० रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये आहे. सून, मुलगी, शिक्षिका यांनी टीबीचं नाव घ्यायलाच घाबरावं असं आपल्याकडे अजून आहे. माझ्याकडच्या कितीतरी बायका निदान उशिरा होऊन येतात ते याच भीतीपोटी. ही लाज मनातून काढून टाका.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. माझ्या दृष्टीने तीच सर्वात महत्त्वाची. बीपीच्या गोळ्यांतला एक गट असा आहे की त्याने काही जणांना कोरडी, घसा खवखवणारी ढास लागते, आणि हे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. पत्त्यावर औषधाचं मूळ नाव वाचा. ते 'प्रिल' ने संपत असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल, लिसिनोप्रिल, तर संशयाला जागा आहे. हा खोकला पहिल्या गोळीनंतरही सुरू होतो आणि काही महिन्यांनीही. सर्दीचं निमित्त झालं आणि त्यामागे गोळी दडून राहिली, हे सहज घडतं. बाटलीतलं कोणतंही सिरप याला पुरं पडत नाही.

पण गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपी वर गेलं तर खोकल्यापेक्षा मोठं संकट ओढवेल. ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे पत्ता घेऊन जा आणि 'सहा आठवडे खोकला आहे, गोळी बदलता येईल का?' असं सरळ विचारा. 'सार्टन' ने संपणाऱ्या गोळ्या, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, बहुतेकांना चालतात आणि त्यांनी ही ढास सहसा लागत नाही. बदल केल्यावर खोकला एक ते चार आठवड्यांत उतरतो, क्वचित तीन महिनेही लागतात. चौथ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून निराश होऊ नका. आणि तुमची गोळी अम्लोडिपिन किंवा 'सार्टन' मधलीच निघाली, तर हा धागा सोडून पुढे जायचं.

पुढे जायचं म्हणजे दम्याकडे. दमा म्हटलं की लोकांना धाप आणि घरघर आठवते. पण एक प्रकार असा असतो ज्यात फक्त खोकला असतो. रात्री उशिरा किंवा पहाटे जाग येते, हसल्यावर, जिना चढल्यावर, उदबत्तीने किंवा मच्छर कॉइलने ढास लागते, दरवर्षी त्याच मोसमात त्रास होतो, घरात कुणाला तरी दमा किंवा ॲलर्जी असते. यातलं काही जुळत असेल तर स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं, मग पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायचं, एवढीच ती तपासणी. ती नॉर्मल आली तरी दमा नाही असं ठरत नाही, म्हणून कधीकधी काही आठवडे पंप देऊन फरक पाहावा लागतो.

'पंपाची सवय लागते' हे वाक्य मी रोज ऐकते, आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात. सवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. गोळी पोटातून सगळ्या शरीरात फिरते आणि तिचं माप मिलिग्रॅमचं. कमी औषध, नेमक्या जागी. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरत नाही.

नाकातून घशात सतत काहीतरी उतरतंय, दर दोन मिनिटांनी घसा खाकरावा लागतो, असं असेल तर मूळ नाकात आहे. तिथे मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे दोन-तीन आठवडे नेटाने वापरणं, यानेच फरक पडतो. पाणी उकळून गार केलेलं असावं. जेवून लगेच आडवं झाल्यावर खोकला वाढत असेल, आंबट पाणी वर येत असेल, तर पोटातलं आम्ल कारण असू शकतं. रात्रीचं जेवण झोपेआधी तीन तास उरकायचं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलायची, कमरेचं घट्ट सैल करायचं. आम्लपित्ताचा काहीच त्रास नसताना नुसती ॲसिडिटीची गोळी खाऊन खोकला जाईल, अशी आशा मी ठेवत नाही.

एक कारण तुम्ही विदर्भात राहत असाल तर सांगायलाच हवं. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोगाचे जंतू आहेत, आणि काही जणांत त्यांच्यामुळे पाय सुजत नाही, फक्त रात्रीचा हट्टी खोकला आणि घरघर होते. दमा समजून वर्षभर उपचार चालतात. साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल पेशी तीन हजारांच्या वर आढळल्या की आमचे कान टवकारतात. तीन आठवड्यांच्या औषधाने बहुतेकांना चांगला आराम पडतो. जिथे चूल पेटते, जिथे विडी आहे, दगडखाणीत किंवा कापसाच्या धुळीत काम आहे, तिथे प्रश्न पुन्हा वेगळे. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आजीला सिगारेट न ओढताही तसाच फुप्फुसाचा आजार होतो, हे घरच्यांच्या गावीही नसतं.

आता मुलीकडे. तिला सर्दीनंतरचाच खोकला असण्याची शक्यता जास्त आहे, कारण घरात सगळेच आजारी होते. पण मोठ्यांच्या सिरपमध्ये बहुधा खोकला दाबणारं, कफ पातळ करणारं, सर्दी सुकवणारं आणि गुंगी आणणारं औषध एकत्र असतं. ही औषधं एकमेकांच्या उलट काम करतात, आणि लहान मुलाचा श्वास किंवा हृदयाचे ठोके त्यांनी बिघडू शकतात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ मध्ये दूषित सिरपमुळे मुलं दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मूत्रपिंडं निकामी झाली, त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ बळी घेतले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा स्पष्ट कळवलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे.

तिला झोपताना अर्धा-एक चमचा मध चालेल. वर्षाखालच्या बाळाला मध मात्र कधीही नको, चाटणातूनही नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कोमट पाणी, सूप, नाकात सलाइनचे थेंब, पुरेशी झोप. तुम्हाला स्वतःला हळदीचं दूध, ज्येष्ठमध, आडुळशाचा काढा बरा वाटत असेल तर जरूर घ्या. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध आडुळशातल्या द्रव्यावरूनच घडवलेलं आहे. मुलीला वाफेच्या भांड्याजवळ बसवू नका, भाजलेली मुलं आमच्या वॉर्डात येतात. कापूर नाकाशी नको आणि पोटात तर मुळीच नको, त्याने झटके येतात. घरात तान्हं बाळ असेल तर आंघोळीनंतरचं मालिश खुशाल ठेवा, पण ओवा-लसणीची धुरी बंद करा. आजीचा हेतू मायेचा असतो, पण बाळाच्या फुप्फुसात जातो तो धूरच.

औषधापेक्षा तुम्ही तिचा श्वास मोजायला शिकावं असं मला वाटतं. ती शांत किंवा झोपलेली असताना झबलं वर करून पोटाकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिने ते वर्षाच्या बाळात ५०, आणि दोन महिन्यांखाली ६०. श्वास जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, शांत असतानाही घशातून कर्कश आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील, पाणी पिववत नसेल, झटके आले किंवा मूल उठवूनही जागं होत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा असेल त्या गाडीने रुग्णालय गाठा.

लहान मुलाचं आणखी एक. सर्दी नाही, ताप नाही, खेळता-खाता एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला आहे, असं असेल तर शेंगदाणा, हरभरा, सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकलेली असू शकते. ठसका थांबल्यावर मूल काही दिवस बरंही दिसतं, आणि एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. त्या ठसक्याची आठवण आईनेच डॉक्टरांना सांगायला हवी. आणि खोकल्याच्या लागोपाठ उबळी येऊन शेवटी उलटी होत असेल तर डांग्या खोकल्याचा विचार करावा लागतो. तिचे लसीकरण कार्ड काढून पाहा: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, मग १६ ते २४ महिन्यांत बूस्टर, पुढचा पाच-सहा वर्षांना. लसीचा जोर पुढे ओसरतो, त्यामुळे मोठ्या माणसालाही तो होतो. तुमच्या घरी तान्हं बाळ येत-जात असेल तर तेवढे दिवस त्याला जवळ घेऊ नका. तान्ह्यांना उबळ न येता एकदम श्वासच थांबू शकतो.

तुमच्या स्वतःसाठी धोक्याच्या खुणा अशा. एक वाक्य बोलतानाही धाप लागणं, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, छातीत दुखणं, एका पायाला सूज आणि अचानक दम, किंवा चूळभर रक्त पडणं: यात त्याच क्षणी रुग्णालय, आणि ऑक्सिजन ९० खाली असेल तर एक मिनिटही घालवू नका. बेडक्यात रक्ताची बारीक रेघ एकदाच आली तरी दोन-चार दिवसांत दाखवा. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, आवाज बसलेला तीन आठवडे न सुटणं, आडवं झाल्यावर खोकला येऊन उठून बसावं लागणं आणि दोन्ही पायांवर सूज: यांपैकी काही असेल तर याच आठवड्यात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा नेहमीचा खोकला बदलला, तर त्यालाही हेच लागू.

या खुणा नसतील तर तुमच्याबाबतीत मी असं करेन. आज गोळीचं नाव वाचायचं. या आठवड्यात बीपीच्या डॉक्टरांना भेटून ती 'प्रिल' असेल तर बदलून घ्यायची. बेडका पडत असेल तर टीबीसाठी द्यायचा, साखर तपासायची, आणि एक्स-रे जुना असेल तर नवा काढायचा. नवं अँटिबायोटिक आणि चौथी बाटली दोन्ही थांबवायच्या. आणखी दोन आठवड्यांनी, म्हणजे आठ पूर्ण झाल्यावरही ढास तशीच असेल, तर छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्रीसाठी. वर्गात तोवर बाटलीतून घोटभर पाणी घेत राहा, ढास येतेय असं वाटलं की तोंड मिटून हळू नाकाने श्वास घ्या, आणि ओल्या फडक्याने फळा पुसता आला तर खडूची धूळ उडणार नाही.

जाताना आजवरच्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते न्या, चिठ्ठीवरून नावं कळत नाहीत. एक्स-रेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. खोकला कधी येतो याची चार दिवसांची नोंद ठेवा. मुलीचा रात्रीचा खोकला आणि श्वास मोबाइलवर चित्रित करून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत मुलं बहुतेक वेळा हसतखेळत असतात. आणि तुमचा बेडका टीबीसाठी पॉझिटिव्ह आला, तर मुलीची तपासणी त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी झालेला नसेल तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात, तेही सरकारी केंद्रातून मोफत.